झाकलेली बैठक

"पण तो येणार ना नक्की?"

"येणार गं आई. कितीदा विचारशील?"

"नाही, मी आपली रजा टाकून, कपड्यांना इस्त्री करून एवढ्या लांब यायची आणि हा बाबा सर्दी झाली म्हणून घरात लोळत पडायचा. मोठी माणसं बरोबर ऐन वेळी आजारी पडतात. मी काय कमी बघितलीत?"

"हा नाही पडायचा. चार लोकांत बोलायला मिळतंय म्हटल्यावर तापातूनसुद्धा उठून येईल."

"आणि मला पुढं बसव. मला त्याचं तोंड दिसलं पाहिजे."

"मागंच बस. तो फळ्याकडून वळला की सरळ तुझ्याकडंच तोंड होतंय त्याचं."

"बरं. आणि काय गं मुंगळे, खरंच तोंडघशी पडणार ना तो? का तुमचं ते शिकल्यासवरल्यांचं, एकमेकांना फार छान फार छान म्हणायचं आणि चहा पिऊन घरी जायचं?"

"पडेल," मुंगळी म्हणाली आणि फोन ठेवला. त्या बैठकीत दोन तक्ते उलगडायचे होते, आणि आईला तिनं एकाचंच सांगितलं होतं.

मुंगळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी शेजारच्या पोरानं तिची उडी मारायची दोरी हिसकावली, तर ही त्याच्या दंडाला चावली आणि सोडेचना. पोरगं बोंबलतंय, त्याची आई हिचे केस ओढतेय, हिचे दात रुतलेलेच. शेवटी आईनं येऊन नाक दाबलं, तेव्हा श्वास घ्यायला म्हणून तोंड उघडलं. "ही पोरगी नाही, मुंगळी आहे," आई म्हणाली. "मुंडकं तुटेल, पण धरलेलं सुटायचं नाही." नाव तेव्हापासून चिकटलं. पुढं विद्यापीठातही कुणाच्या तरी कानावर गेलं, आणि पीएचडीची नोंदणी होऊन पहिलं वर्ष संपायच्या आत अख्खा विभाग तिला मुंगळीच म्हणायला लागला. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट बरंच होतं. चावायचं होतंच कुणाला तरी.

आई नर्स. गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं बाळंतघर होतं, अर्ध्या भिंतीपर्यंत पांढऱ्या फरशा, आत एक लोखंडी खाट, उकळत्या पाण्याचं भांडं आणि सगळ्यावर जंतुनाशकाचा वास. तो वास आईच्या केसांतसुद्धा असायचा. मुंगळी शाळेतून सुटली की बाहेरच्या बाकावर अभ्यासाला बसायची. आत कुणी बाई ओरडायला लागली की ही पाढे मोठ्यानं म्हणायची. बाई गप्प झाली आणि बाळ ओरडलं की हीही थांबायची. तिचे पाढे पक्के झाले ते असे.

मग एका हिवाळ्यात तिथं बाळं गेली. एकामागून एक. कुणाचे दिवस भरले नव्हते, कुणाच्या गळ्याला नाळ, आणि एकाचं तर मोठ्या डॉक्टरलाही कारण सांगता आलं नाही. आई घरी यायची, हात धुवायची, पुन्हा धुवायची, आणि जेवायचं ताट तसंच सरकवून द्यायची. त्याच सुमाराला सरकारला लहान बाळंतघरं बंद करून बायकांना लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. सगळी एकदम कशी बंद करणार? म्हणून आदल्या वर्षी जिथं जास्त बाळं दगावली ती निवडली. त्यात हे आलं. दाराला कुलूप पडलं.

तिथंवरसुद्धा ठीक होतं. पण दुसऱ्या वर्षी अहवाल आला. मुखपृष्ठावर हसरं बाळ, आणि आत लिहिलेलं, की जिथं जिथं बाळंतघरं बंद केली तिथं बाळांचे मृत्यू झपाट्यानं घटले. पेपरात मथळा आला, 'छोटी बाळंतघरं धोक्याची'. मुंगळीचा बाप सायकलची पंक्चरं काढायचा, त्याच्या दुकानात बसून लोकांनी तो पेपर मोठ्यानं वाचला आणि सरळ हिशेब मांडला. बंद केल्यावर बाळं जगली. म्हणजे उघडं होतं तेव्हा मारत होतं कुणीतरी. आत कोण होतं? नर्सबाई.

पिठाच्या गिरणीवाल्याची बायको, जिचं बाळ त्या हिवाळ्यात गेलं होतं, ती भर रस्त्यात आईपुढं येऊन उभी राहिली. "इतके दिवस देवाला बोल लावत होते," ती म्हणाली. "आता कळलं माझं कुणी खाल्लं."

आईनं हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागली. मुंगळी तिच्या मागं होती. तिला वाटलं होतं आई काहीतरी बोलेल, निदान वळून बघेल. त्यानंतर आईची बदली झाली ती मोठ्या हॉस्पिटलातल्या चादरींच्या कोठारात. अर्धं गाव जिच्या हातावर जन्मलं, ती आता उशांचे अभ्रे मोजून द्यायला लागली. घड्याळ मात्र तिनं काढलं नाही. नर्सा छातीवर उलटं लावतात ते, वाकून बघितलं की आपल्याला सरळ दिसणारं. अभ्रे द्यायला घड्याळ कशाला लागतंय? पण ती लावायची.

अहवालाच्या पहिल्या पानावर एका साहेबांचं नाव होतं. मुंगळीनं ते वाचलं आणि डूख धरला.

शाळा, कॉलेज, संख्याशास्त्र, मग धोरणांचा अभ्यास, असं करत करत ती ज्या विद्यापीठात पोहोचली तिथं हे साहेब परीक्षक म्हणून येत असत. ती तिथं पोहोचली म्हणणं बरोबर नाही, ती तिथंच गेली. तिचा विषय काय, हे बापाला गिऱ्हाइकांना सांगताना नाकी नऊ यायचे.

"पोरगी शिकते तरी काय?"

"आता कसं सांगू. सरकारनं काही केलं आणि पुढं काही झालं, तर ते सरकारमुळं झालं का आपोआप झालं, ते ओळखायला शिकते."

"हात्तिच्या! त्यात शिकायचं काय? सरकारनं केलं म्हणजे आपोआपच झालं असणार."

बाप ही गोष्ट प्रत्येक फोनवर सांगायचा आणि स्वतःच हसायचा. पण काम खरंच तेवढंच होतं. काय झालं हे कुणीही सांगतं. कशामुळं झालं, हे सांगायला माणूस वर्षानुवर्षं खोलीत बसतो. मुंगळीची खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसायची आणि तिच्यावरचे पाण्याचे पाइप. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते, त्यांची पीएचडी सुरू झाली तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं आणि आता त्यांची मुलगी शाळेत जात होती. सगळे त्यांना कायमचा म्हणत. खोलीतली किटली त्यांची, आणि कुणाच्याही कामात तोंड घालायचा हक्कही त्यांचाच.

साहेबांचं नाव विभागात 'निष्कर्षसर' होतं. कुणीही काहीही मांडायला उभं राहिलं, की हे मागं रेलून म्हणायचे, "ते सगळं ठीक आहे. निष्कर्ष काय?" जाडजूड प्रबंध हातात आला की शेवटचं पान आधी उघडायचे, आणि बहुतेक वेळा शेवटचंच. हुशार होते, यात वाद नाही. दुसऱ्याची चूक त्यांना अशी दिसायची, जशी भातातला खडा दातालाच लागावा. पण स्वतःच्या नावानं निघणारे अहवाल हाताखालची माणसं करायची आणि हे त्यांचा निष्कर्ष तेवढा लिहायचे.

त्या अहवालात काय चुकलं होतं, हे मुंगळीला फार लवकर कळलं होतं. आईला तिनं ते कोंबड्यांवर समजावलं.

"समज आपल्या खुराड्यात कोंबड्या आहेत. या आठवड्यात ज्यांनी सगळ्यात कमी अंडी दिली, नेमक्या त्याच निवडायच्या आणि त्यांच्या पायाला लाल दोरा बांधायचा. पुढच्या आठवड्यात काय होईल?"

"काय व्हायचंय? एक आठवडा कमी दिली म्हणजे पुढच्या आठवड्यात देतील जरा जास्त. एरवी देतात तेवढी."

"बरोबर. आणि मी म्हणणार, बघा, लाल दोऱ्यानं अंडी वाढली."

आई फोनवर म्हणाली, "एवढ्यासाठी? एवढ्या एका दोऱ्यासाठी ती बया मला रस्त्यात तसं बोलली?"

"हो."

"मग सांग की सगळ्यांना!"

"सांगून कोण ऐकतंय? त्याच्या तोंडून वदवते. थांब."

थांबणं आलं, कारण आकडे मिळवायचे होते. ज्या जागांचंही तेवढंच वाईट साल गेलं होतं, पण ज्या बंद झाल्या नाहीत, अशा तिला हव्या होत्या. काही सापडल्या. कुठं मोठ्या हॉस्पिटलाकडं जाणारा पूल अर्धवट राहिला होता, कुठं एका पुढाऱ्याची सासुरवाडी होती, त्याच्या बायकोनं कुलूप लावू दिलं नाही. या उघड्या राहिलेल्या जागांत पुढं काय झालं, ते बंद केलेल्यांशेजारी ठेवायचं. मुंगळीची खात्री होती, उघड्या जागांत कमी बाळं गेली असणार. बंद केल्यानं फायदा नाही झाला, उलट नुकसान झालं, माझ्या आईचे हात तिथं असते तर बाळं वाचली असती. हे तिला आकड्यांत हवं होतं, पांढऱ्यावर काळं.

आकडे आले. दोन रेघा निघाल्या, एक बंदची, एक उघड्याची. आणि दोन्ही एकमेकींवर अशा पडल्या, की वेगळ्या करायला एक जाड काढावी लागली.

फरक नाही. फायदा नाही आणि नुकसानही नाही.

मग मुंगळीनं आकडे पिळायला घेतले. लांबची गावं वेगळी काढून बघितली, हिवाळा वेगळा काढला, नदीपलीकडची वेगळी काढली. नदीपलीकडच्या गावांत, तेही फक्त हिवाळ्यात, दोन रेघांत फट दिसली. तिनं ती फट लगेच रंगीत छापली आणि टेबलाला चिकटवली.

कायमच्यानं किटलीतलं पाणी ओतता ओतता बघितलं. "छान आहे. आणि ही फट सापडेपर्यंत किती ठिकाणी खणलंस?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय करायचंय! मी आपलं विचारलं. एवढ्या ठिकाणी खणलं तर माझ्या परसातसुद्धा पाणी लागेल."

तिनं तो कागद टराटरा फाडला आणि त्यांच्या अंगावर भिरकावला. एक तुकडा चहात पडला. कायमच्यानं तो चमच्यानं काढला आणि चहा प्यायला. ती फट खरी नव्हती हे तिलाही माहीत होतं, म्हणून तर राग आला होता. लाल दोरा बांधणाऱ्याला फासावर द्यायला निघालेली बाई स्वतः हिरवा दोरा शोधत होती.

मग ती गाईडबाईंकडं गेली. बाई बारीक, केस कापलेल्या, बोलायला काटकसरी. विभागात झाकलेली बैठक चालू केली ती त्यांनीच. तिची रीत अशी, की कुणाचाही अभ्यास मांडायचा, पण तो कशाचा आहे, कुठला आहे, कुणी केलाय, हे सगळं तक्त्यावर खाकी कागदाच्या पट्ट्यांनी झाकायचं. जमलेल्यांनी फक्त पद्धत बघायची आणि प्रत्येकानं फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहायचं, मान्य का अमान्य, आणि का. खाली सही. मगच पट्ट्या काढायच्या. माणूस बघून मत द्यायची खोड मोडावी म्हणून केलेलं होतं ते.

"मला त्यांचा अहवाल झाकून मांडायचाय," मुंगळी म्हणाली. "त्यांच्यासमोर."

बाईंनी चष्मा काढला. "ते ओळखणार नाहीत?"

"त्यांनी तो तक्ता कधी बघितलाय? शेवटचं पान लिहिलंय फक्त."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग म्हणाल्या, "उट्टं काढायला बैठक नसते. पण अभ्यास वाईट आहे, तो मांडायला माझी हरकत नाही. एक अट. त्यांचा झाकशील तर तुझाही झाकायचा. दोन्ही त्याच दिवशी उघडायचे. तुझी दुसरी रेघसुद्धा."

"आई येणारेय त्या दिवशी."

"मग आधी सांग तिला."

तिनं नाही सांगितलं. प्रत्येक फोनवर सांगायचं ठरवायची आणि आई विचारायची, तो येणार ना नक्की? की हिचं तोंड मिटायचं. इतक्या वर्षांनी आईच्या आवाजाला धार आली होती. ती कशी बोथट करणार?

बैठकीच्या दिवशी आई वेळेच्या बरीच आधी येऊन मागच्या रांगेत बसली. इस्त्रीचे कपडे, मांडीवर पिशवी, छातीवर उलटं घड्याळ. निष्कर्षसर आले, कोट खुर्चीच्या पाठीला लावला आणि पहिल्या रांगेत पाय लांब करून बसले. आईनं त्यांच्या डोक्यामागच्या टकलाकडं असं बघायला सुरुवात केली, की तिथं फोड यावा.

मुंगळीनं पहिला तक्ता लावला. एकच रेघ, वर चढलेली आणि मग खाली आलेली. बाकी सगळं खाकी.

"एक उपाय आहे," ती म्हणाली. "जिथं आदल्या वर्षी परिस्थिती सगळ्यात वाईट होती, नेमका तिथंच केला. पुढच्या वर्षी परिस्थिती सुधारली. म्हणून उपाय लागू पडला, असं हा अभ्यास म्हणतो. सगळ्यांची मतं हवीत."

"मला बरा वाटतो बुवा," कायमचा म्हणाला. हे आधी ठरलेलं होतं. "रेघ खाली आलेली दिसतेय की स्वच्छ."

निष्कर्षसर खुदकन हसले. "अहो, तुम्ही इतकी वर्षं इथं उगाच नाही राहिलात."

खोलीभर हशा झाला. आता त्यांना जोर आला. ते उठले, खडू घेतला. "तुमचं डोकं ज्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं त्याच दिवशी तुम्ही वैद्याकडं जाता. त्यानं नुसतं पाणी पाजलं तरी दुसऱ्या दिवशी कमीच दुखणार. म्हणून पाणी हे औषध झालं का? उपाय न केलेल्या, तेवढ्याच वाईट जागा कुठं आहेत? तुलनाच नाही! हा अभ्यास नाही, ही गंमत आहे."

"म्हणजे अमान्य?" मुंगळीनं अगदी गरीब तोंड करून विचारलं.

"अमान्य म्हणजे काय, अमान्यच!" आणि त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'अमान्य. सुधारणा आपोआप झालेली असू शकते. हे करणाऱ्याला पहिल्यापासून शिकवा.' खाली सही केली, लांब शेपटीची, शेपटीखाली दोन टिंबं.

"तारीख, सर."

"तारीखही लागते?"

"नियम आहे."

असा काही नियम नव्हता. गाईडबाईंनी मान वर केली, मुंगळीकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. सरांनी तारीख घातली, हाताचा खडू झटकला आणि खुर्चीत बसले.

मुंगळीनं पट्ट्या काढायला घेतल्या. घाई केली नाही. चिकटपट्टी टरटर निघत होती. आधी साल निघालं. मग 'उपाय: लहान बाळंतघरं बंद करणे'. मग सगळ्यात वरची पट्टी, आणि तिच्याखाली साहेबांचं पूर्ण नाव, पदवीसकट.

सरांनी पाय आत ओढून घेतले.

"हा आलेख... हा माझ्या लोकांनी काढला होता."

"हो सर. निष्कर्ष मात्र तुमचा."

"त्या वेळी हाताशी एवढंच होतं. त्या काळच्या मानानं—"

"फळ्यावरची तारीख आजची आहे, सर."

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, कोठारातल्या पोरींना हाक मारतात तसा खणखणीत. "मला कळलं नाही नीट. पडला का तो?"

कायमचा वळून म्हणाला, "पडले, मावशी. चांगलेच पडले."

या वेळचा हशा वेगळा होता. सरांचे कान लाल झाले. ते खुर्चीतून मागं वळले तसे बरोबर आईच्या समोर आले, आणि आईनं त्यांचं तोंड मन भरून बघून घेतलं. इतकी वर्षं मुंगळीनं हे मनात किती वेळा रंगवलं होतं. जसंच्या तसं झालं. जरा जास्तच चांगलं झालं.

पण माणूस मुरलेला होता. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. "ठीक. मी विचारलं, तुलना कुठं आहे? ती तुमच्याकडं आहे का? असेल तर दाखवा. निष्कर्ष काय?"

आता तक्ता दुसरा. मुंगळीचा हात पहिल्या पट्टीवर थांबला. तिनं पट्ट्या ओढल्या, सगळ्या एका दमात.

"काळी रेघ बंद केलेल्यांची. लाल रेघ, तेवढंच वाईट साल गेलेल्या पण उघड्या राहिलेल्यांची. दोन्ही सारख्याच खाली आल्या. बंद केल्याचा फायदा नाही." तिनं श्वास घेतला. "नुकसानही नाही. बाळं जगली-गेली एवढंच मोजलंय. त्यात फरक नाही."

"म्हणजे बंद केलं त्यात बिघडलं काहीच नाही," सर म्हणाले. त्यांच्या खांद्यांत पुन्हा जीव आला.

"तुम्ही फायदा लिहिला होता, सर. तो नव्हता. त्या नसलेल्या फायद्यावर माणसं खुनी ठरली."

"खुनी हा शब्द माझ्या अहवालात कुठंही नाही."

"नाही. तो आमच्या गल्लीत होता."

आई उभी राहिली. पिशवी मांडीवरून खाली पडली ती तिनं उचलली नाही. तिनं सरांकडं बघितलंच नाही. तक्त्याकडं बघत तिनं विचारलं, "म्हणजे मी मारली नाहीत."

"नाही, आई."

"आणि वाचवलीही नाहीत?"

"जेवढी दुसरीकडं वाचली असती तेवढीच."

"म्हणजे मी असले काय आणि नसले काय."

आकड्यांत तेच होतं.

बैठक उठली. सरांनी कोट घातला, आणि जाता जाता अगदी सहज, हात लागला म्हणून उचलावं तसं, डस्टर उचललं.

"राहू द्या," गाईडबाई म्हणाल्या. "फळा आम्ही पुसतो."

ते गेल्यावर मुंगळी बाईंना म्हणाली, "माझ्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून त्यांनाच ठेवा."

"त्यांना? ते तुला सोलून काढतील."

"काढू देत. शेवटचं पान सोडून आधीची पानं तरी वाचतील एकदा."

आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. मुंगळी शेजारी बसली, तर आई जराशी सरकून लांब झाली.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"बरेच दिवस."

"आणि रोज फोनवर मला तो पडणार, तो पडणार. मी वेडी, कपडे इस्त्री करत होते." आई समोरच्या भिंतीकडं बघत बोलत होती. "त्यानं उघड्या राहिलेल्या जागा झाकून ठेवल्या होत्या, तू दुसरा तक्ता झाकलास. दोघंही शिकलेलेच."

मुंगळीनं मान खाली घातली. हे मात्र कुणी तिला शिकवलं नव्हतं, आणि यावर पट्टी लावता येत नव्हती. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलंच. मला सांगितलं असतंस तरी आले असते मी. त्याचं तोंड बघायला आले असते." आईनं पदरानं नाही, हाताच्या पंजानं नाक पुसलं. मग वाकून घड्याळात बघितलं. "गाडीची वेळ होईल. त्या फळ्याचा फोटो काढ. सहीसकट. मोठ्ठा करून दे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? गिरणीच्या दारासमोर लावते. दळण घ्यायला येईल तो वाचेल. ती बया तर रोज वाचेल."

"देते. पण दुसऱ्या तक्त्याचाही बरोबर लावायचा."

"दुसरा कशाला?"

"दोन्ही एकत्रच जातात, आई. नुसता पहिला नाही देणार मी."

आईनं तिच्याकडं रोखून बघितलं, दंडाला चावली होती त्या दिवशी बघितलं होतं तसं. "माझ्याच पोटची," ती म्हणाली. "चावायला लागली की आईसुद्धा दिसत नाही. दे दोन्ही. पण दुसरा लहान कागदावर."

"एकाच मापात."

"मर तिकडं," आई म्हणाली. पण उठताना आधाराला हात धरला तो मुंगळीचाच, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत सोडला नाही. गाडीत चढल्यावर खिडकीतून ओरडली, "टकलाला घाम फुटला होता त्याच्या. मागं बसल्याचं सार्थक झालं!"

मुंगळी वर खोलीत आली. गाडीच्या आधी वाटेतल्या छापखान्यात घाईनं काढून घेतलेल्या दोन्ही फोटोंची सुरळी तिनं आईच्या पिशवीत घातली होती, एकाच मापाची. टेबलावर किटली उकळत होती.

"झालं ना मनासारखं?" कायमचा म्हणाला. "आता चार दिवस घरी जाऊन झोप."

"झालं कुठं? त्यांच्या नावाचे अजून अहवाल आहेत." तिनं कपाटातून एक जाडजूड बाड काढलं. कमी मुलांच्या शाळा बंद केल्यानं मुलं हुशार झाली, असं काहीतरी होतं त्यात. मुखपृष्ठावर हसरी मुलं.

"चहा घेणार?"

"ओता. आणि तुमच्या खणातली कात्री द्या."

तिनं शेवटचं पान न वाचता उलटं घडी करून मागं दुमडलं, खाकी कागद टेबलावर पसरला आणि पट्ट्या कापायला बसली.